बॉलखाऊ आजोबांची खुर्ची

नाशिक
९ जानेवारी २०२५

वहिनी,
सप्रेम जयभीम.

नवीन वर्ष लागलं. गुडघेदुखी सोडून तुले सगळं नवीन मिळो.

फोन सोडून पत्र काहून लिहिते, असं विचारशील. इथं फोन लावला का मेघा तो स्पीकरवर टाकते. "आई, कानाला धरून तुम्हाला त्रास होतो," म्हणते. सून चांगली आहे, पण मग माझा प्रशिक टीव्हीचा आवाज कमी करतो आणि सगळं घर कान देऊन बसते. अशात मी तुले काय सांगू? वांग्याची भाजी केली, एवढंच सांगता येते. पत्राचं बरं आहे. माझं अक्षर मेघाले वाचता येत नाही, कोंबडीनं पाय घासले म्हणते. तुझं मात्र छापल्यासारखं आहे. म्हणून तुझं पत्र आलं का मी तांदळाच्या डब्यात खालपर्यंत खुपसून ठेवीन. तरी जपून लिही.

आता कामाचं. मले दादाची खुर्ची पाहिजे. तीच, लोखंडी पाइपाची, हिरव्या पट्ट्यांची, ज्यात बसून त्यानं रिटायर झाल्यापासून अख्ख्या लेआउटले, सगळ्या वस्तीले, शिव्या घातल्या. तू तर तिच्यात बसत नाही. कोणाले बसूही देत नाही. दोन वर्षं होत आली, ओसरीत रिकामी पडून आहे. मी त्याची एकुलती एक बहीण. मले घर नको, सोनं नको (ते तसंही नाही). खुर्ची तेवढी दे.

मार्चमध्ये दादाच्या दुसऱ्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाले प्रशिकसोबत येईन तेव्हा घेऊन जाईन. हो म्हणून टाक.

तुझी,
नंदिनी


खापरखेडा
१९ जानेवारी २०२५

प्रिय नंदा,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमननं ते हातात देताना हळू आवाजात विचारलं, "काकू, कोर्टाचं आहे का?" हल्ली पत्र म्हणजे लोकांना नोटीसच वाटते. वाचल्यावर मलाही तसंच वाटलं.

खुर्ची सध्या घरी नाही. घाबरू नकोस, भंगारात घातली नाही. शासकीय कामाला गेली आहे.

आपल्या घरासमोरची जिल्हा परिषदेची शाळा तुला माहीत आहे. या महिन्यापासून तिथे दर शनिवारी नागपूरहून विद्यापीठातली काही मुलं येतात. पगार नाही, मार्क नाहीत, आपल्या हौसेनं येतात. शाळेतल्या पोरांना नाटकातून शिकवतात म्हणे. मला वाटलं गॅदरिंग बसवत असतील, म्हणजे पुठ्ठ्याच्या तलवारी आणि सारखी पडणारी दाढी. तसं काही नाही. पहिल्या शनिवारी त्यांनी पाचवीच्या वर्गाला अर्धा तास झाडं व्हायला लावलं. पोरं हात वर करून मैदानात उभी. आमचे हेडमास्तर चंद्रभान सर गेटशी उभे राहून म्हणाले, "माझी पोरं आधीच लाकडं आहेत. त्याच्यासाठी विद्यापीठ कायले पाहिजे?"

त्यांची पुढारी भैरवी नावाची मुलगी आहे. बोलते कमी, बघते जास्त. दुसरा रजत, उंच आणि इतका बारीक की वारा आला तर मी त्याला आत बोलावते. काल शनिवारी तो ओसरीत येऊन म्हणाला, "काकू, एक खुर्ची मिळेल का? शाळेतल्या सगळ्या प्लास्टिकच्या आहेत. आम्हाला जरा जिवंत खुर्ची पाहिजे."

जिवंत खुर्ची म्हणजे काय ते मला कळलं नाही. पण ओसरीत खुर्ची होती आणि टेबलावर तुझं पत्र होतं. खरं सांगते, तुझं पत्र नसतं तर मी त्याला पाणी पाजून वाटेला लावलं असतं. तू ती नाशिकला नेणार, त्यापेक्षा रस्त्यापलीकडे गेलेली बरी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते तरी.

तेव्हा हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. खुर्ची कामावर आहे.

तुझी वहिनी,
जया

ता. क. तांदळाच्या डब्यात कागद घातला तर तांदळाला शाईचा वास लागेल. डाळीच्या डब्यात ठेव.


नाशिक
२९ जानेवारी २०२५

वहिनी,

जयभीम. सप्रेम नाही.

शाळेत? पोट्टे बसून राहिले माझ्या भावाच्या खुर्चीत? नाकात बोट घालणारे पोट्टे? ज्या दादानं त्यायले अंगणात पाय ठेवू दिला नाही, त्याच्याच खुर्चीत? वरून तो पाहून राहिला असेल तर तिथंही कोणाले शिव्या देत असेल.

तुले मले नाही म्हणता येत नव्हतं म्हणून तू ती सरकारले देऊन टाकली. मी ओळखते तुले. तू एवढी पुस्तकं वाचते, त्यात ननंदेले सरळ उत्तर द्यावं असं कोणीच लिहिलं नाही काय?

खुर्ची उद्याच्या उद्या घरी आण आणि चादर टाकून ठेव.

नंदिनी


खापरखेडा
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय नंदा,

तुझ्या पत्राचा मान राखून मी काल खुर्ची आणायला गेले होते. आणली नाही. काय झालं ते सांगते, मग काय ओरडायचं ते ओरड.

त्यांचा एक खेळ आहे. खुर्ची वर्गाच्या मधोमध ठेवतात. तिच्यात जो बसेल तो स्वतः राहत नाही, ज्याची खुर्ची असेल तो माणूस होतो. बाकीचे त्याला वाटेल ते विचारतात, आणि त्याला त्या माणसासारखं उत्तर द्यावं लागतं. 'माहीत नाही' म्हणायची सोय नाही. उठलं की दोन्ही हात जोरात झटकायचे, अंगावरची धूळ झटकावी तसे, की आपण परत आपले.

भैरवीचा बेत असा होता की ही अनोळखी खुर्ची बघून पोरं आपल्या मनानं माणूस रचतील. कोणी राजा म्हणेल, कोणी जादूगार, कोणी डॉक्टर. तिनं गोड आवाजात विचारलं, "ही खुर्ची कोणाची असेल बरं?"

सगळा वर्ग एका दमात ओरडला, "बॉलखाऊ आजोबाची!"

विद्यापीठाच्या मुलांची तोंडं बघण्यासारखी झाली. समोरच्याच घरातून खुर्ची आणली आणि पोरं ती ओळखणार नाहीत असं त्यांना वाटलं. शाळेतल्या पोरांना रस्त्याच्या या बाजूचं त्या बाजूला दिसत नाही, असं शिकलेल्या माणसांना वाटत असावं.

'बॉलखाऊ' हे नाव मला माहीत नव्हतं, तुलाही नसेल. आपल्या अंगणात पडलेला एकही बॉल तुझ्या दादानं परत केला नाही, हे मात्र दोघींनाही माहीत आहे.

मग काजल उठली. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या धोंडबाची नात, पाचवीत आहे, तिच्या दोन वेण्या कधी सारख्या उंचीच्या नसतात. ती खुर्चीत बसली, एक पाय दुसऱ्यावर टाकला आणि खाकरली. नंदा, तुझा दादा शिवी देण्याआधी खाकरायचा ते आठवतं? गाडी सुरू होण्याआधी होते तसं, दोनदा. अगदी तसंच. आणि मग, "काहून बे, तुमच्या बापाचं अंगण आहे काय?"

मी खिडकीचा गज धरून उभी राहिले. दोन वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता, आणि ऐकला तो दोन वेण्यांच्या पोरीच्या तोंडून. मला हसू आलं. बाकी जे आलं ते घरी येऊन पुसलं.

पोरांनी विचारलं, "आजोबा, आमचे बॉल कुठं आहेत?"

काजल अडकली. माहीत नाही म्हणता येत नाही. म्हणाली, "खाल्ले!"

"कसे लागले?"

"मीठ कमी होतं."

भैरवी पाठ फिरवून हसत होती. पण पोरं हसत नव्हती. त्यांना खरंच पाहिजे आहे उत्तर. आणि ते मलाही माहीत नाही. घर मी पायापासून माळ्यापर्यंत झाडलं आहे. गोणीभर बॉल लपतील अशी जागा या घरात नाही.

तेवढ्यात चंद्रभान सर आले. चेहरा लाल. "मेलेल्या माणसाची नक्कल? शाळेत? काकू, तुम्ही फक्त तोंडी तक्रार करा, मी हा तमाशा आत्ता बंद करतो."

मी म्हटलं, "सर, तो जिवंत होता तेव्हा तुम्ही करत होता ना. स्टाफरूममध्ये. मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. तुमचं खाकरणं इतकं चांगलं नव्हतं."

सर ऑफिसात गेले आणि त्यांनी आम्हा सगळ्यांसाठी चहा पाठवला.

म्हणून खुर्ची तिथेच आहे. अगदी नीट आहे. काळजी करू नकोस.

तुझी वहिनी,
जया


जिल्हा परिषद शाळा
१५ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. देवराव आजोबांची बहीण आजी,
नाशिक

विषय : आमचे बॉल कुठे आहेत ते कळविण्याबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून विनंती करतो की, आम्ही इयत्ता पाचवीचे सर्व विद्यार्थी आहोत. तुमचा पत्ता जया आजीच्या टेबलावरच्या पाकिटावर होता तो पाहून घेतला आहे. भैरवीताई म्हणते की माणूस समजून घ्यायचा असेल तर त्याच्या लहानपणीच्या माणसाला विचारा. आजोबांच्या लहानपणीचे बाकी सगळे वारले आहेत. फक्त तुम्ही शिल्लक आहात.

तरी खालील प्रश्नांची उत्तरे द्यावीत. आजोबा लहानपणी वस्तू कुठे लपवत होते? ते पहिल्यापासूनच असे होते का? तुमचे पण बॉल घेतले का?

खुर्ची छान आहे. तिला आम्ही मोरपंखी रंग दिला आहे. एक हात निघाला होता तो रजतदादाने तारेने बांधला. आजी म्हणाली हे नाशिकला कळवू नका. म्हणून वाचून झाल्यावर विसरून जावे.

आणखी एक. आजी उन्हाळ्यात कूलर लावत नाही. आम्ही तिच्याकडे पाणी प्यायला जातो म्हणून माहीत आहे. दुपारी फरशीवर पाणी टाकून झोपते. कूलर गच्चीवर ताडपत्रीत बांधून आहे आणि त्याला हात लावला तर ओरडते. आजोबा ओरडायचे तसे नाही, हळू ओरडते. ते जास्त वाईट वाटते.

कळावे.
आपले आज्ञाधारक,
इयत्ता पाचवी
(लिहिणार : काजल)


नाशिक
२४ फेब्रुवारी २०२५

वहिनी,
सप्रेम जयभीम.

तुझं 'अगदी नीट आहे' मले पाचवीच्या वर्गाकडून समजलं. मोरपंखी! हात तारेनं बांधलेला! हे पोट्टे मोठेपणी पेपरात जातील, बातम्या चांगल्या देतात. मी पत्र वाचून इतक्या जोरात ओरडली का मेघा गॅस बंद करून आली.

लिहायचं तर खूप होतं. पण कूलरचं वाचलं आणि माझा सगळा राग खाली बसला.

दोन उन्हाळे, वहिनी? नागपूरचे? मे महिन्यात तिथं कावळा दुपारी उडत नाही. आणि मी दर वर्षी फोनवर विचारते, "कूलर सुरू केला नं?" आणि तू म्हणते, "हो, मस्त हवा येते." काहून नाही सांगितलं? माझ्याजवळही?

आता मीही सांगते, म्हणजे फिट्टंफाट. खुर्ची मले दादासाठी पाहिजे असं तुले वाटते. थोडं तसंही आहे. पण इथं हॉलमध्ये एल आकाराचा सोफा आहे, मऊ, पांढरा. त्यात मी बसली का पाय जमिनीले टेकत नाहीत आणि एकटीनं उठता येत नाही. म्हणून मी पलंगाच्या काठावर बसते. सकाळपासून रात्रीपर्यंत. कोणी काही बोलत नाही, सगळे चांगले आहेत. फक्त या घरात माझी म्हणून बसायची एक जागा नाही. प्रशिकले हे सांगितलं तर तो म्हणेल, "आई, सोफा बदलू," आणि दुसरा पांढरा आणेल.

बावीस मार्चले येतो. त्या दिवशी शनिवार आहे, तुझी नाटकवाली पोरं पण राहतील. मी स्वतः शाळेत जाऊन खुर्ची उचलणार आहे. मोरपंखी तर मोरपंखी.

नंदिनी


खापरखेडा
५ मार्च २०२५

प्रिय नंदा,

पलंगाच्या काठाचं वाचलं. दोनदा वाचलं. मला वाटत होतं तू खुर्ची हक्कासाठी मागते आहेस. चुकलं माझं.

कूलरचं विचारलंस म्हणून सांगते. तुझा दादा ओसरीत गेला एवढं तुला माहीत आहे. त्याआधी तो गच्चीवर होता हे मी कोणाला बोलले नाही. होळी होऊन गेली होती आणि त्याला कूलर उतरवायचा होता. मी म्हटलं, मिस्त्री बोलावू. तो म्हणाला, "मिस्त्री आणला तर काय पाणी जास्त थंड होते?" वर बराच वेळ खटखट चालली होती. मग पंपाच्या सात पिढ्यांना शिव्या घालत खाली आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "चहा टाक. साखरेचा. डॉक्टर गेला खड्ड्यात."

चहा घेऊन आले तेव्हा संपलं होतं. मान अशी टेकली होती की मला वाटलं नाटक करतोय. डॉक्टरचं काही झालं नाही, तो अजून ठणठणीत आहे.

मी बाजूला जमिनीवर बसले. मग तो चहा मीच प्यायले. साखरेचा होता, टाकून कशाला द्यायचा? त्यानंतर शेजाऱ्यांना हाक मारली.

लोकांना वाटतं मी खुर्ची जपते. तसं नाही गं. ती मला बघवत नव्हती आणि टाकवतही नव्हती. कूलरचंही तेच. तो उघडला की तुझ्या दादानं अर्धवट सोडलेलं काम दिसणार, आणि ते दुसऱ्या कोणी पूर्ण केलं की त्याचं इथलं शेवटचं कामही संपणार. उकाडा परवडतो.

तू ये. खुर्ची न्यायची असेल तर ने. फक्त पोरांसमोर आरडाओरडा करू नकोस, ती तो आवाज उचलतील आणि पुढच्या शनिवारी तुझीच नक्कल होईल.

जया


नाशिक
२८ मार्च २०२५

वहिनी,
सप्रेम जयभीम.

सुखरूप पोचलो. निघताना तू डबा भरत राहिली, मी पिशवी बांधत राहिली. म्हणून आता लिहिते.

पहिले हे लक्षात घे का मी नाटक करायले शाळेत गेली नव्हती. खुर्ची उचलायले गेली होती. दादाची वंदना झाली, जेवणं झाली, तू भांडी काढत होती, मी म्हटलं चला. वर्गात पाय टाकला तर मधोमध ती मोरपंखी खुर्ची. सगळे पोट्टे गोल करून बसलेले. तुमचा हा रस्ता ओलांडून जाईपर्यंत माझे गुडघे बोलायले लागले होते. म्हटलं दोन मिनिटं टेकू, मग उचलू. बसली.

पोट्टे सरसावून बसले. तुझी ती काजल समोर आली, हात जोडले आणि म्हणते, "आजोबा, तुम्ही आले?"

नियम मले तुझ्या पत्रातून पाठ होते. उठून हात झटकले असते तर तिथंच संपलं असतं. पण गुडघे उठू देईनात. आणि त्या पट्ट्यांमध्ये दादाच्या बसण्यानं जो खोलगा पडला आहे, त्यात मी बरोबर बसली होती.

मी म्हटलं, "आलो. काय पाहिजे बे?"

"आमचे बॉल कुठं आहेत?"

आता काय सांगू? लहानपणी दादा माझ्या गोट्या चोरून पाण्याच्या रांजणामागं ठेवायचा, कारण माझा हात तिथं पोचत नव्हता. तोच आठवला. म्हटलं, "पाण्याच्या जागी आहेत. जिथं तुमच्या आजीचा हात जात नाही तिथं."

पोट्ट्यांनी एकमेकांकडे पाह्यलं, मग खिडकीतून तुझ्या गच्चीकडे. तू दारात उभी होती तेव्हा. मले दिसली.

मग काजलनं विचारलं, "पण काहून घेत होते तुम्ही?"

वहिनी, ते मी ठरवून नाही बोलली. तोंडातून निघून गेलं. म्हटलं, "बॉल घेतला का तुम्ही मागायले येत होते. दिवसभर दारासमोर उभे राहत होते, आजोबा द्या नं, आजोबा द्या नं. नाही घेतला असता तर माझ्याकडे कोण आलं असतं वं?"

ते दादाचं होतं का माझं, मलेच समजलं नाही. दादाले लेकरू नव्हतं, मले तर आहे. मान वळवली तर माझं लेकरू तुझ्या मागं उभं होतं.

म्हणून मी तशीच उठली आणि निघाली. खुर्ची राहून गेली. हात झटकायचेही राहून गेले. ते मले गाडीत आठवलं. तशीच दादाले अंगावर घेऊन नाशिकले आली. काल मेघानं भाजीत मीठ जास्त टाकलं तर मी आधी दोनदा खाकरली. ती पळूनच गेली.

भुसावळले प्रशिकनं चहा आणून दिला. मग विचारलं, "आई, ती खुर्ची तुला कुठं ठेवायची होती?"

मी म्हटलं, "खिडकीजवळ."

घरी आल्यावर नवरा-बायकोनं मिळून सोफ्याचा एक तुकडा उचलून आतल्या खोलीत नेला. खिडकीजवळ आता मोकळी जागा आहे. मी तिथं सतरंजी टाकून बसते. मेघा रोज विचारते, "मामींची खुर्ची कधी येते?"

तर मी आता भांडत नाही. विचारते. देशील का?

नंदिनी


खापरखेडा
१२ एप्रिल २०२५

प्रिय नंदा,
सप्रेम जयभीम.

परवा जयंती. लेआउटमध्ये निळ्या पताका लागल्या आहेत आणि चौकातला डीजे आत्तापासूनच तपासून बघताहेत. त्या आवाजात लिहिते आहे, अक्षर हललं तर समजून घे.

तुझ्यानंतरच्या शनिवारी पोरं आली नाहीत. म्हणजे शाळेत आली, माझ्याकडे आली नाहीत. भैरवीनं त्यांना बजावलं होतं की आजींनी बोलावल्याशिवाय त्या घराची पायरी चढायची नाही. दिवसभर खिडकीतून गच्चीकडे बघत बसली. चंद्रभान सर म्हणाले, "काकू, वर्ग पार वाकडा झाला. सगळ्यांच्या माना एकीकडे."

मी आठवडाभर विचार केला. तू म्हणालीस तसं असेल तर तो कूलर माझ्या डोक्यावर गोणीभर बॉल घेऊन बसला होता, आणि मी खाली दोन उन्हाळे फरशी ओली करून झोपत होते. रागही आला. इतकी पुस्तकं वाचणारी बाई, आणि माझ्या नवऱ्याला माझ्यापेक्षा पंक्चरवाल्याच्या नातीनं नीट वाचलं.

मागच्या शनिवारी मी रस्त्यावर उभी राहून हाक मारली, "या रे."

आधी रजत वर चढला. मग भैरवी, मग काजल आणि मागे बाकीची पोरं. मी सगळ्यात शेवटी, गुडघ्यांना विचारून. रजतनं ताडपत्री सोडली, तुझ्या दादानं खाली येताना परत गुंडाळलेली. एका बाजूची वाळ्याची ताटी निघालेलीच होती. आत टाकीत बॉल होते. लाल, पिवळे, टेनिसचे, एक फुटबॉल हवा गेलेला. रबर उन्हानं चिकट झालं होतं. आणि त्यांच्यावर तुझ्या दादाचा स्क्रू पिळायचा पेचकस ठेवलेला होता, मुठीला इन्सुलेशनची पट्टी गुंडाळलेला. आता येतो आणि पुढचं करतो, अशा बेतानं ठेवलेला.

पोरं ओरडायला आली होती, पण टाकीवर वाकून आपापला बॉल शोधायला लागली. काजलनं पेचकस उचलून मला दिला. मी तो रजतच्या हातात ठेवला आणि म्हटलं, "पंप अडकला आहे. बघ निघतो का."

त्याला काही येत नव्हतं. विद्यापीठात हे शिकवत नाहीत. शेवटी धोंडबाच आला. पंप सुटला तेव्हा त्याच्या तोंडून जी शिवी निघाली ती तुझ्या दादाच्या तोडीची होती. भैरवीनं पोरांचे कान झाकायला हात पुढे केले, पण तिच्याकडे दोनच हात.

बॉल वाटले. काहींचे मालक आता दाढी करतात. एक जण नागपुरात मिहानच्या कंपनीत नोकरीला आहे, तो मोटारसायकलवरून येऊन आपला बॉल घेऊन गेला आणि जाताना माझ्या पाया पडला. कशासाठी ते त्यालाही माहीत नसावं.

कूलर खाली आणून ओसरीच्या खिडकीत लावला, चालू आहे. आवाज करतो, पण हवा चांगली देतो. पहिल्या रात्री मला झोप आली नाही. थंडी वाजली.

आता तुझी खुर्ची. नाटकाची पोरं परीक्षेसाठी गेली, जाताना खुर्ची ओसरीत आणून ठेवून गेली. ती तुझी आहे. देते, आनंदानं देते. पण पार्सलनं पाठवणार नाही. मे महिन्यात ये, महिनाभर राहा, जाताना घेऊन जा. प्रशिकला सांग, मोरपंखी रंग उडवायचा नाही. मेघाला सांग, हात तारेचा आहे, साडी जपून.

एक सांगायचं राहिलं. काल संध्याकाळी मी कूलरसमोर बसायला जागा शोधत होते. गारवा बरोबर त्या खुर्चीवर पडतो, त्यानं ती तशीच ठेवलेली असायची. मी बसले. नुसती बसले, खेळ म्हणून नाही.

तेवढ्यात अंगणात बॉल पडला. नवा, हिरवा. मी उचलून मांडीवर घेतला. फाटकाशी काजल आणि चौघं उभे. मला खुर्चीत बघून काजलचा चेहरा बदलला. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "आजोबा, बॉल द्या नं."

नंदा, मी हात झटकू शकले असते.

मी दोनदा खाकरले. म्हटलं, "नाही देत. उद्या या."

पोरं एवढ्या आनंदानं ओरडली की धोंडबा दुकानातून बाहेर आला. आज सकाळी सात वाजताच पाच जण फाटकाशी हजर होते. मी नाही दिला. उद्या परत येतील.

बॉल आता कूलरमध्ये ठेवता येत नाही, त्यात पाणी आहे; उन्हाळ्यात तुझा दादा ते कुठे हलवायचा कोण जाणे. दुसरी जागा शोधली आहे, तुझ्या दादाला सुचली नसती अशी. तू आलीस की दाखवते. इथे लिहीत नाही, कारण तुझं अक्षर मेघाला वाचता येत नसलं तरी माझं येतं, आणि काजलला नाशिकचा पत्ता पाठ आहे.

तुझी वहिनी,
जया